भिंत गुणगुणली त्या संध्याकाळी

१

क्लेमॉन्सनं व्हायोलिनची पेटी उघडली आणि ती तशीच उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. पेटीत मखमलीच्या खाचेत, तिच्याच रेशमी रुमालात नीट गुंडाळलेली दोन जाड प्रार्थनापुस्तकं होती. चर्चच्या बाकांवर पडलेली असतात तसली. व्हायोलिन नव्हतं.

"हे कुणी केलं?" ती इतक्या हळू म्हणाली, की शेजारी उभ्या असलेल्या जजबाईंना मान वळवून डावा कान तिच्याकडे न्यावा लागला.

जजबाई म्हणजे हिल्ड्रेड झ्विकर. आयुष्यभर कौटुंबिक न्यायालयात नवराबायकोंची भांडणं ऐकून निवृत्त झालेल्या आणि आता पोर्ट अडेरच्या संगीत मंडळाच्या अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, तर खुर्च्या मांडायच्या, मध्यंतराला चहा आणि ओटकेक करायचे आणि दर उन्हाळ्यात कुठली तरी तरुण मंडळी बोलावून सेंट आयडनच्या जुन्या चर्चमध्ये त्यांना वाजवायला लावायचं. या खेपेला बोलावलेली चौघं हॅलिफॅक्सहून आली होती. चौघांतलं कुणीही अजून तिशीला पोचलं नव्हतं. जजबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव चांडाळचौकडी ठेवलं होतं आणि त्यांनाही ते आवडलं होतं.

बाहेर समुद्रावरून सकाळपासून धुकं आत येत होतं. आता तर चर्चच्या खिडक्यांना कुणी ओली चादर बांधावी तसं झालं होतं. त्या धुक्यातून चाचपडत गावातली माणसं कार्यक्रमाला यायला लागली होती.

"कुणी केलं ते मी सांगतो," मिस्टर पाइक म्हणाले.

हे व्हायोलिन पावणेतीनशे वर्षांचं होतं आणि ते क्लेमॉन्सचं नव्हतं. एका विश्वस्त संस्थेनं तिला ते वाजवायला दिलं होतं, आणि मिस्टर पाइक त्या संस्थेचे माणूस. कडक कॉलर, पातळ ओठ. त्यांनी बोट केलं ते दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या टोबिनकडे.

"आमच्या पेटीत माग काढणारं यंत्र बसवलंय, हे फक्त या चौघांना आणि मला ठाऊक. म्हणून चोरानं पेटी सोडली आणि वाद्य तेवढं उचललं. चर्चच्या या मागच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली याच्या खिशात. आणि जेवताना मध्येच उठून हा इथे एकटा आला होता. अजून काय हवं?"

"बूट," टोबिन म्हणाला. "मी बूट न्यायला आलो होतो. कार्यक्रमाचे काळे बूट. ते पुसायचे होते."

"आणि शिकत असताना तुझ्या कॉलेजातून व्हायोलिनचा एक गज नाहीसा झाला होता, तोही बूट पुसायलाच नेला होतास का?"

टोबिनचा चेहरा खर्रकन उतरला. ते प्रकरण कधी सिद्ध झालं नव्हतं, पण मिटलंही नव्हतं. या धंद्यात माणूस सुरात कमी पडला तर चालवून घेतात. हाताचा खोटा म्हणून नाव झालं की पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. दुसऱ्यांदा नाव आलं तर टोबिन संपला, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

पाइकनी फोन बाहेर काढला.

"या धुक्यात पोलीस शेजारच्या गावाहून यायचे म्हणजे उद्या उजाडेल," जजबाई म्हणाल्या. "माणसं बाकांवर बसलीत. शेवटची टाळी वाजेपर्यंत मला वेळ द्या. त्यानंतर तुम्ही खुशाल कुणाचंही नाव घ्या."

पाइकनी फोन खिशात ठेवला. "शेवटची टाळी. त्यापुढे एक क्षण नाही."

२

आधी शोधाशोध झाली. चेलोवाला ह्यूगो सज्जावर गेला. मरेड, म्हणजे व्हायोला हे जरा मोठं, खालच्या सुराचं व्हायोलिन वाजवणारी मुलगी, म्हणाली, "मंचाखाली मी बघते, मीच सगळ्यांत बुटकी." पाइकनी स्वतः गाडी आणि प्रत्येकाच्या बॅगा उलट्यापालट्या केल्या. गावचा व्हर्नन कॉर्कम, जो चर्चची घंटा वाजवतो आणि लग्नात फिडल, म्हणजे साधं गावठी व्हायोलिन, वाजवतो, त्यानं तळघरातलं स्वयंपाकघर पालथं घातलं. टोबिनला पाइकनी खुर्चीवरून उठूच दिलं नाही. कुणाच्या हाती काही लागलं नाही.

मग जजबाईंनी एकेकाला प्रार्थनापुस्तकांच्या कपाटापाशी बोलावलं.

"सकाळची तालीम संपली तेव्हा व्हायोलिन पेटीत होतं?" त्यांनी क्लेमॉन्सला विचारलं.

"मीच ठेवलं. मंचावर. मग मिस्टर पाइकनी मला फाटकापाशी बोलावलं. पेटी आत कुणी नेली ते मी पाहिलं नाही."

"फाटकापाशी काय बोलणं झालं?"

क्लेमॉन्सनं मान फिरवली. "ते माझं खाजगी आहे. त्याचा चोरीशी संबंध नाही."

तेच पाइकना विचारलं तर तेही म्हणाले, "खाजगी." जजबाईंना हा शब्द चांगला ओळखीचा होता. त्यांच्या न्यायालयात ज्या जोडप्याचं काही खाजगी असे, त्यांच्या खटल्याचं मूळ हटकून तिथेच सापडे.

ह्यूगो थट्टेखोर होता, पण आज त्याचे ओठ सुकले होते. "मी आणि टोबिन गाडी दाराशी आणायला गेलो होतो, जजबाई. माझा चेलो म्हणजे काय, लग्नातला मानाचा पाहुणा आहे, त्याला आधी जागा करावी लागते. परत आलो तर मरेड पेट्या आत ठेवत होती. बिचारी आपली व्हायोलाची पेटी बाळासारखी छातीशी धरून चालत होती, खांद्याचा पट्टा तुटला म्हणे. मग टोबिननं कुलूप लावलं."

मरेड केप ब्रेटन बेटावरची. लालसर केस, मोठे डोळे, सतत थंडी वाजल्यासारखी दिसणारी. "हो, क्लेमॉन्सची पेटी मीच आत ठेवली," ती म्हणाली. "जड लागली. म्हणजे नेहमीसारखीच. जजबाई, टोबिननं नाही केलं हे."

"मग कुणी केलं?"

"मला काय माहीत? पण त्यानं नाही."

सगळ्यांत शेवटी टोबिन आला. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्याच्या विरुद्ध जात होतं. "मी आलो, बूट घेतले, गेलो. पेटीला हातसुद्धा लावला नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल अशी माझी अपेक्षा नाही."

"मी कुणावरच विश्वास ठेवत नाही रे पोरा. त्याचाच पगार घेत होते." जजबाई म्हणाल्या. पण त्याच्या पायातला एकच बूट पुसलेला होता, ते त्यांनी पाहिलं आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. अशा मनानं हा मुलगा आता भरल्या चर्चसमोर वाजवणार होता.

क्लेमॉन्ससाठी व्हर्ननची फिडल आणली. तिच्या एका कडेला रम सांडल्याचा डाग होता. क्लेमॉन्सनं ती खांद्याला लावली, सूर जुळवला आणि काही न बोलता दाराकडे निघाली.

"आज भिंतीला काय वाटेल कोण जाणे," व्हर्नन तिच्यामागून पुटपुटला.

३

सेंट आयडनचं चर्च जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी बांधलंय. छत पाहिलं की उलटं ठेवलेलं गलबत वाटतं. मंचामागची भिंत म्हणजे बुडालेल्यांची भिंत. ज्यांची प्रेतं समुद्रानं परत दिली नाहीत, त्यांना कबर नाही. त्यांची नावं त्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिलेली. कॉर्कम, झ्विकर, रफ्यूस, पुन्हा कॉर्कम. गावातली म्हातारी माणसं म्हणतात की चांगलं गाणंबजावणं झालं की ती नावं सोबत गुणगुणतात. जजबाईंचे दोन काका त्या भिंतीवर होते. दोघांपैकी कुणीही कधी गुणगुणल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

दिवे मंद झाले. चौघं मंचावर आली. हा मंच कंबरेएवढा उंच, आतून पोकळ, फळ्यांचा. इतर दिवशी त्याच्या पोटात घडीच्या खुर्च्या ठेवतात. ह्यूगोनं चेलोचा टोकदार लोखंडी पाय फळीत रोवला. क्लेमॉन्सनं श्वास घेतला, तिच्याबरोबर तिघांनी घेतला, आणि सुरुवात झाली.

मुलं जीव ओतून वाजवत होती. टोबिनचा गज ठाम चालत होता. पहिली रचना एका दणदणीत स्वरमेळावर आली, चारही गज एकदम उचलले गेले आणि चर्चमध्ये शांतता झाली.

पण ती पूर्ण झाली नाही.

गज हवेत होते. कुणी वाजवत नव्हतं. आणि तरीही एक बारीक, लांबलेला आवाज कुठून तरी येत राहिला. बाईनं ओठ मिटून गुणगुणावं तसा. तो हळूहळू विरला. पुढच्या बाकावरच्या बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. एकेक करत सगळ्या माना भिंतीकडे वळल्या.

"ऐकलंत?" व्हर्नन जजबाईंच्या डाव्या कानाशी कुजबुजला. "पहिल्यांदा ऐकतोय मी. बापाकडून नुसतं ऐकून होतो."

जजबाईंच्या अंगावर काटा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांची एक अडचण होती. लहानपणी गोवरात त्यांचा उजवा कान गेला, आणि एका कानाच्या माणसाला आवाज कुठून येतो ते कळत नाही. भर रस्त्यात हाक आली तरी त्या चारी दिशांना बघत. सगळं चर्च त्या आवाजाची जागा भिंतीवर शोधत होतं, आणि त्यांना तो शोध घेताच येत नव्हता. म्हणून आयुष्यभराच्या सवयीनं त्या दुसरंच काहीतरी बघत होत्या. आवाज कधी येतो आणि कधी येत नाही.

संथ भाग सुरू झाला. पुन्हा मोठा स्वरमेळ आला, पुन्हा तो आवाज मागे रेंगाळला. मग एक तुकडा आला, ज्यात ह्यूगो गज मांडीवर ठेवून थांबला आणि तिघंच वाजवत होती, चांगली जोरात. ती थांबली तेव्हा शांतता स्वच्छ होती. ह्यूगोनं पुन्हा खालच्या तारेवर गज टेकवला, आणि ते गुणगुणणं परत आलं.

क्लेमॉन्स पांढरीफटक पडली होती. टोबिन डोळे मिटून वाजवत होता. आता ती जागा आली, जिची जजबाईंना सकाळपासून ओळख होती. सकाळी तालमीत चौघं एका मोठ्या स्वरमेळावर थांबली होती आणि इतका वेळ थांबली होती, की संपलं समजून जजबाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. सगळी हसली होती. मरेड म्हणाली होती, "जजबाई, ही शांतताच तर माझी आहे. तिच्यानंतर मी एकटी येते. जितकी थांबेन तितकं बरं."

स्वरमेळ कोसळला. गज उचलले गेले. चर्चमधल्या माणसांनी श्वास रोखला आणि भिंतीकडे पाहिलं.

मरेड थांबलीच नाही. बाकीच्यांचे गज अजून वर असताना तिनं एकटीनं सुरुवात करून टाकली. क्लेमॉन्सनं दचकून तिच्याकडे पाहिलं. ह्यूगोच्या भुवया वर गेल्या. प्रेक्षकांपैकी कुणालाच काही कळलं नाही.

जजबाईंनी मांडीवरचा कार्यक्रमाचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

४

मध्यंतराला माणसं तळघरात चहाला गेली, पण आज ओटकेककडे कुणाचं लक्ष नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ भिंतीवरच्या आपल्या भावाविषयी बोलता बोलता रडायला लागले होते. पाइक कपबशी हातात धरून एका कोपऱ्यात उभे होते आणि कप बशीवर किणकिणत होता.

"तुमच्या गावात हे नेहमी होतं?" त्यांनी विचारलं.

"आज पहिल्यांदा. तुम्ही घाबरलात होय?"

"मी हिशेबी माणूस आहे," पाइक म्हणाले. पण ते भिंतीच्या बाजूच्या जिन्यानं वर जायला तयार नव्हते, हे खरं.

क्लेमॉन्स बाहेरच्या पायरीवर धुक्यात बसली होती. जजबाई तिच्या उजव्या हाताला टेकल्या.

"तुम्ही मला वेडी म्हणाल," ती म्हणाली. "ती बुडालेली माणसं नाहीत. ते माझं व्हायोलिन आहे. त्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. ते इथेच कुठेतरी आहे आणि आम्हाला ओ देतंय. कुणीतरी त्याला मारून टाकलंय आणि ते मला हाका मारतंय, असं वाटतं मला."

"मारून टाकलं असतं तर ओ कशी देईल?" जजबाई म्हणाल्या. "ऊठ, थंडी भरेल."

मग त्यांनी ह्यूगोला गाठलं. तो मंचाच्या पायऱ्यांवर बसून ओटकेक चावत होता, पण गिळत नव्हता.

"मला एक सांग. व्हायोलिन नुसतं ठेवलंय, कुणी हात लावत नाहीये, आणि जवळ तू चेलो वाजवलास, तर ते वाजतं?"

"वाजतं की. तारा ताणलेल्या असतात ना, आपला सूर आला की आपोआप थरथरतात. घरी भिंतीला व्हायोलिन टांगलेलं असलं की माझ्या रियाजाला ते फुकट साथ करतं."

सतारीच्या खालच्या तारा, म्हणजे तरफा, जशा न छेडता बोलतात, तसलाच हा प्रकार. जजबाईंना तरफा ठाऊक नव्हत्या, पण मुद्दा कळला.

"आणि ज्याला ते लपवायचंय, त्यानं तारा सैल केल्या तर?"

"तर मुकं होईल. पण असं कोण करेल?" ह्यूगोनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू त्यांनी तान्ह्या मुलाचे हात बांधायची गोष्ट काढली होती. "चारी तारा एकदम सोडल्या की तारा पेलणारी वरची घोडी आडवी होते, आतला छोटा लाकडी खांब पडतो. पावणेतीनशे वर्षांचं वाद्य आहे ते. आमच्यातलं कुणीही, जीव गेला तरी, असं करणार नाही. हातच चालणार नाही."

"आमच्यातलं कुणीही," जजबाई म्हणाल्या. "बरोबर. आणि आज वाजवताना तुला काही वेगळं वाटलं?"

ह्यूगो जरा लाजला. "हसू नका. माझ्या पायांना मुंग्या येत होत्या. तळव्यांना. घाबरलो असेन."

जजबाई हसल्या नाहीत. त्यांनी व्हर्ननला हाक मारली. "माणसांना खालीच थांबव. हवा तर दुसरा चहा टाक. आणि पाइकना वर पाठव, जिन्यानं येत नसतील तर हाताला धरून आण."

५

रिकाम्या चर्चमध्ये सहा माणसं होती. धुकं आता दाराच्या फटीतून आत आलं होतं आणि दिव्यांभोवती पिंगा घालत होतं. चौघं आपापल्या जागी बसली. पाइक भिंतीकडे पाठ करून उभे राहिले, मग विचार बदलून तोंड करून उभे राहिले.

"ह्यूगो, तुझा सगळ्यात खालचा स्वर जोरात वाजव आणि थांब. बाकी कुणी हलू नका."

ह्यूगोनं गज ओढला. फळ्या दणाणल्या. तो थांबला, आणि त्या पोकळ शांततेत ते गुणगुणणं उठलं, आता अगदी स्पष्ट, जवळचं, केविलवाणं.

मरेड खोकली.

"खोकू नकोस, मरेड," जजबाई शांतपणे म्हणाल्या. "पुन्हा झाकायचा प्रयत्न करू नकोस."

जजबाई मंचाच्या पायरीपर्यंत गेल्या.

"सगळ्यांनी आवाज भिंतीत शोधला, कारण लहानपणापासून आपल्याला भिंतच सांगितलीय. मला दिशा कळत नाही. मी फक्त पाहिलं, आवाज कधी येतो. ह्यूगो थांबला की तो थांबतो, बाकीचे कितीही जोरात वाजवोत. चेलोत असं काय आहे जे बाकीच्यांत नाही? तो जमिनीला टेकतो. त्याचा लोखंडी पाय या फळीत रुतलाय. फळी थरथरते, ह्यूगोचे तळवे थरथरतात आणि फळीखाली जे टांगलंय तेही थरथरतं."

"पण मंचाखाली पाहिलं होतं," पाइक म्हणाले.

"कुणी पाहिलं होतं?"

पाइकनी मरेडकडे पाहिलं. हळूहळू सगळ्यांनीच पाहिलं.

"कुलपाचं कोडं तर कोडंच नव्हतं. टोबिननं कुलूप लावलं तेव्हा पेटीत पुस्तकंच होती. क्लेमॉन्स फाटकाशी, ही दोघं गाडीपाशी, आणि पेटी आत नेणारी एकटी मरेड. हे काम परक्या चोराचं नाही. परक्यानं तारा सोडल्या असत्या, नाहीतर घोंगडीत कोंबलं असतं. हिनं व्हायोलिनला इजा होऊ नये म्हणून ते मोकळं टांगलं, तारा तशाच ठेवल्या. आणि म्हणूनच ते बोललं. हाताची सवय कुणाला सुटते? मग कार्यक्रमात ते बोलायला लागलं तेव्हा एकीलाच कळलं की ते काय आहे. सकाळी जी शांतता हिला सोडवत नव्हती, ती संध्याकाळी हिला एक क्षण सोसली नाही."

टोबिन उठला. मागचं झाकण उचलून तो मंचाखाली वाकला, आत सरपटत पार पुढच्या तुळईपर्यंत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत जळमटं होती आणि हातात ते तांबूस व्हायोलिन. व्हायोलिनच्या मानेला मरेडच्या पेटीचा मऊ पट्टा बांधलेला होता. पट्टा कुठे तुटलेला नव्हता.

टोबिननं ते क्लेमॉन्सच्या मांडीवर ठेवलं. तिनं दोन्ही हातांनी ते पोटाशी धरलं.

"का?" ती म्हणाली.

६

मरेडला रडू येत नव्हतं. ती कोरडेपणानं बोलली, आणि ते ऐकायला जास्त वाईट होतं.

"काल संध्याकाळी आपण उतरलोय त्या सराईच्या पडवीत तू आणि हे मिस्टर पाइक बसला होतात. माझी खिडकी वरच होती. हे म्हणाले, व्हायोलिन कायमचं तुझ्याकडे राहील, पण तू एकटी वाजवायचंस. या तिघांना सोड, ही चौकडी तुला खाली ओढतेय. मी खिडकी लावून घेतली. तू काय म्हणतेस ते मला ऐकवेना." तिनं पाइककडे बोट केलं. "व्हायोलिनच नसलं तर ते तुला नेणार कशाच्या जोरावर? दोन दिवसांनी मीच ते सापडलं म्हणून आणून दिलं असतं. तोवर मिस्टर पाइक चिडून निघून गेले असते. मला फक्त आपण चौघं एकत्र राहायला हवं होतं. दुसरं काही नको होतं मला."

क्लेमॉन्सनं व्हायोलिनवरचं जळमट बोटानं पुसलं.

"मी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांना फाटकापाशी नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं की मी या तिघांना सोडणार नाही, व्हायोलिन घेऊन जा. फक्त आजचा कार्यक्रम मला यावर वाजवू द्या, एवढंच मागितलं. आज शेवटचा दिवस होता, मरेड. मी तिकडे तुमच्यासाठी नाही म्हणत होते आणि तू इकडे ते टांगत होतीस."

मरेडनं मांडीवरचा व्हायोला खाली ठेवला.

पाइकनी घसा साफ केला. "हे खरं आहे. तिनं नकार दिला. मूर्खपणा आहे, पण दिला." मग ते टोबिनकडे वळले आणि त्यांच्या पातळ ओठांना बरेच कष्ट पडले. "तुझी माफी मागतो. मी कुणाचं नाव कुठे घेणार नाही. हिचंही नाही. वाद्य मिळालं, माझं काम झालं."

"चला," ह्यूगो म्हणाला. त्याला कसंही करून हे संपवायचं होतं. "मिटलं ना? टोबिन, मिटलं ना रे?"

टोबिन केसांतली जळमटं काढत होता. त्यानं उत्तर मरेडला दिलं.

"तू त्यांना थांबवायला हे केलंस, ते मला समजतं. कदाचित मीही केलं असतं. पण त्यांनी माझ्याकडे बोट केलं तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस. आपले खांदे लागले होते."

"मी म्हटलं ना जजबाईंना की तू नाहीस..."

"'टोबिन नाही' असं म्हणालीस. 'मी आहे' असं नाही म्हणालीस."

जजबाईंनी न्यायालयात खूप माणसांच्या विरुद्ध निकाल दिले होते, पण एखाद्याला शिक्षा होताना इतक्या जवळून त्यांनी क्वचितच पाहिलं होतं.

माणसं वर आली. चहानं जरा सैलावलेली, खोकत, बाकांवर सरकून जागा करत. दुसरी रचना सुरू झाली. क्लेमॉन्सनं ते व्हायोलिन वाजवलं, आणि ते कसं वाजलं हे सांगण्याची जजबाईंची ऐपत नाही. त्या एवढंच सांगत, की त्यांचा बंद पडलेला कानसुद्धा त्या दिवशी ऐकत होता असं त्यांना वाटलं. चौघांचे श्वास एकदम चालले होते, गज एकदम उठत होते. बघणाऱ्याला वाटावं, यांच्यात सुईसुद्धा शिरणार नाही.

शेवटची टाळी बराच वेळ वाजली. पाइकनी स्वतः पेटी उघडून धरली आणि क्लेमॉन्सनं व्हायोलिन तिच्यात ठेवलं. झाकण तिनंच लावलं.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की गाडीचे दिवे नुसते दोन पिवळे डाग दिसत होते. ह्यूगोनं चेलो आत चढवला. क्लेमॉन्स पुढे बसली, हात मांडीवर रिकामे. जजबाई कंदील घेऊन दारात उभ्या होत्या, तेव्हा त्यांना दिसलं की टोबिन गाडीकडे न जाता व्हर्ननच्या ट्रककडे चाललाय.

"सकाळी हॅलिफॅक्सची बस आहे," तो त्यांना म्हणाला. "व्हर्नन म्हणाला, त्याच्याकडे झोपायला जागा आहे. जजबाई, तुम्ही माझं नाव वाचवलंत. मी विसरणार नाही."

"आणि चौकडी?"

"त्यांना दुसरा कुणी मिळेल. चांगले वाजवणारे खूप आहेत." त्यानं ट्रकचं दार उघडलं. "मी तिच्या शेजारी बसून आज वाजवलं. सगळं बरोबर वाजलं. पण दरवेळी ती श्वास घ्यायची तेव्हा मी बघत होतो, खरंच घेतेय का. असं बघत बघत नाही वाजवता येत."

तो ट्रकमध्ये चढला. ट्रक वळला आणि दोन-चार क्षणांत धुक्यानं गिळला. गाडीच्या मागच्या सीटवर मरेड सरकून एका कडेला बसली होती, शेजारची जागा मोकळी ठेवून. दार तिनं उघडंच धरलं होतं आणि ती चर्चच्या दाराकडे बघत होती.

ह्यूगोनं गाडी सुरू केली. त्यानं आरशातून मागे पाहिलं, मग क्लेमॉन्सकडे पाहिलं.

"दार लाव, मरेड," ह्यूगो म्हणाला. "धुकं आत येतंय."